दिव्यांग व्यक्तीचा छळ झाला तर तक्रार कशी नोंदवायची: एनसीवर परत येऊ नका

चौकात कुणीतरी "ए लंगड्या" म्हणून हाक मारली, कुबडी ओढून गटारीत टाकली आणि बघणारे चार जण हसले. घरचे लोक संतापून पोलीस ठाण्यात जातात, "शिवीगाळ आणि धक्काबुक्की झाली" असं सांगतात आणि तासाभराने एनसीचा कागद घेऊन परत येतात. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. कागद घरात पडून राहतो आणि कुबडी फेकणारा रोज त्याच चौकात उभा दिसतो.

सोलापुरात ओळखीपाळखीच्या लोकांना मी असे अर्ज लिहून देते. बहुतेक वेळा कायदा कमी पडलेला नसतो, पहिला अर्ज चुकीचा लिहिलेला असतो. समोरच्याने काय केलं ते त्यात असतं, पण ते अपंगत्वावरून केलं हे कुठेच नसतं. म्हणून खालचा क्रम शक्यतो मोडू नका.

## टप्पा १: हे साधं भांडण आहे का, ते आधी ठरवा

आपल्याकडे "द्वेषातून केलेला गुन्हा" असं दिव्यांगांसाठी वेगळं नाव असलेलं कलम नाही. त्याच्या जागी धरायचं ते दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचं कलम ९२. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. कलम ९२ खाली किमान सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. त्यात येणाऱ्या गोष्टी साध्या भाषेत अशा:

- लोकांच्या नजरेसमोर, हीन लेखण्याच्या हेतूने मुद्दाम अपमान करणं किंवा धाक दाखवणं
- बेअब्रू करण्यासाठी अंगावर जाणं, बळ वापरणं. दिव्यांग स्त्रीचा विनयभंग
- सांभाळ ज्याच्या हाती आहे त्याने जाणूनबुजून अन्नपाणी न देणं
- दिव्यांग मूल किंवा स्त्री आपल्या दबावाखाली आहे याचा फायदा घेऊन लैंगिक शोषण
- अवयवाला, इंद्रियाला किंवा साधनाला मुद्दाम इजा किंवा नुकसान करणं, ते वापरू न देणं
- दिव्यांग स्त्रीच्या स्पष्ट संमतीशिवाय गर्भपात घडवणारी वैद्यकीय प्रक्रिया (याला कायद्याने ठरवलेले अपवाद आहेत)

पाचवा मुद्दा लोकांच्या लक्षातच येत नाही. कुबडी, पांढरी काठी, श्रवणयंत्र, कॅलिपर, तीनचाकी ही सगळी साधनं आहेत. तीनचाकीची हवा सोडून दिली, श्रवणयंत्र कानातून ओढून काढलं, काठी लपवून ठेवून गंमत बघितली, तर त्याला "चेष्टा" म्हणू नका. साधनाचा वापर अडवणं त्या कलमात स्पष्ट लिहिलेलं आहे.

हेतू कशावरून दिसतो? समोरच्याने अपंगत्वावरून शब्द वापरले का? शेजारी धडधाकट माणसं असताना नेमकी हीच व्यक्ती निवडली का? असं आधीही झालंय का? साधनालाच हात घातला का? यातल्या एकाचं उत्तर जरी "हो" असेल तरी ते कागदावर आलं पाहिजे.

एक प्रकार मात्र गोड बोलून चालतो. मतिमंद मुलाशी मैत्री करायची, त्याला चहा-वडापाव द्यायचा आणि महिन्याच्या महिन्याला निराधार योजनेचे पैसे त्याच्या खात्यातून काढून घ्यायचे. किंवा अंध बाईचा अंगठा घेऊन कागद करून टाकायचा. मारहाण नाही, शिवी नाही, म्हणून घरच्यांना हा गुन्हा वाटत नाही. हा थेट कलम ९२ चा प्रकार नसेलही, पण फसवणूक आहे आणि त्याच कायद्याच्या कलम ७ मधलं "शोषण" आहे. त्याचा रस्ता टप्पा ७ मध्ये दिला आहे.

तपासा: नोकरीत डावललं, कार्यालयात रॅम्प नाही, शाळेने प्रवेश नाकारला, हे अन्यायच आहेत. पण त्यासाठी पोलीस ठाणं ही जागा नव्हे. ती तक्रार पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाते. दोन्ही गोष्टी एकाच अर्जात घातल्या की अर्ज भरकटतो आणि ठाण्यातून "आयुक्तांकडे जा" असं उत्तर मिळतं.

## टप्पा २: पहिला दिवस

धोका अजून टळलेला नसेल तर आधी ११२. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर १०९८, स्त्री असेल तर १८१ हेही आहेत.

माणूस सुरक्षित झाला की चार कामं त्याच दिवशी करा.

साधन जसं आहे तसं ठेवा. माझ्या चुलतभावाच्या तीनचाकीचे आरे कुणीतरी वाकवले, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून रात्रीच्या आत ती दुरुस्त करून आणली. सकाळी त्याला कामावर जायचं होतं. दोन दिवसांनी ठाण्यात विचारलं, मोडलेली गाडी कुठंय? आमच्याकडे दाखवायला काही नव्हतं. तेव्हापासून प्रत्येकाला सांगते: आधी सगळ्या बाजूंनी फोटो, पंचनामा होईपर्यंत दुरुस्ती नाही, पर्यायी साधन कुणाकडून तरी मागून आणा. दुरुस्ती टाळताच येणार नसेल तर मोडलेले भाग आणि दुकानदाराचं बिल जपा.

कॅमेऱ्यांच्या मागे लगेच लागा. दुकानांतल्या कॅमेऱ्यांचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. नवी पेठेतलं कापड दुकान असो की पेठेतला किराणा, मालकाला त्याच दिवशी भेटा आणि नेमकी वेळ सांगून चित्रण जपून ठेवायला सांगा. त्याने द्यायला नकार दिला तर वाद घालू नका. दुकानाचं नाव आणि कॅमेऱ्याची जागा अर्जात लिहा, मागवायचं काम पोलिसांचं. मोबाईलवर काही टिपलेलं असेल तर मूळ फाईल तशीच ठेवा. कापाकापी करू नका, त्यावर अक्षरं टाकू नका, आणि ज्या फोनमध्ये टिपलं तो फोन विकू किंवा रीसेट करू नका.

जखम छोटी असली तरी दवाखाना. सोलापुरात सिव्हिलमध्ये जाऊन "मारहाण झाली आहे, एमएलसी करा" असं सांगा. एमएलसी म्हणजे पोलीस प्रकरण म्हणून केलेली वैद्यकीय नोंद. खासगी डॉक्टरकडे मलमपट्टी करून घरी आलात तर पुढे जखमेची सरकारी नोंद सापडत नाही. लैंगिक अत्याचार असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. ते कपडे प्लास्टिकमध्ये कोंडू नका, कागदी पिशवीत ठेवा.

घडलेलं त्याच व्यक्तीच्या शब्दांत लिहून किंवा रेकॉर्ड करून ठेवा. मध्ये मध्ये प्रश्न विचारून तिच्या तोंडी उत्तर घालू नका. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाला दहा नातेवाइकांनी दहा वेळा विचारलं की त्याचं सांगणं बदलत जातं, आणि पुढे वकील नेमकं तेच धरतो. एकदाच, शांतपणे, त्याच्या विश्वासातल्या एकाच माणसाने विचारावं.

इशारा: समोरच्याच्या घरी जाब विचारायला जाऊ नका. तिथे हातघाई झाली तर उलट तक्रार तयार होते आणि मूळ प्रकार "दोन गटांतली हाणामारी" बनतो.

## टप्पा ३: कागद गोळा करा, पण त्यांच्यासाठी थांबू नका

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) किंवा अपंगत्वाचं प्रमाणपत्र, आधार, एमएलसीचा कागद, फोटो, साक्षीदारांची नावं आणि नंबर. एवढं पुरे.

इथे एक चूक फार लोक करतात. कार्ड नाही, किंवा कार्डावर ४० टक्क्यांपेक्षा कमी आहे, म्हणून तक्रारच देत नाहीत. ४० टक्क्यांची अट सवलती आणि आरक्षणासाठी आहे. कलम ९२ ला ती लागत नाही. तिथे नुसते "दिव्यांग व्यक्ती" असे शब्द आहेत. प्रमाणपत्राचा अर्ज अजून चालू असेल तर तसं लिहा, जुनी केसपेपरं किंवा विशेष शाळेचा दाखला जोडा आणि तक्रार द्या.

पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची असेल आणि जातीवरूनही अपमान झाला असेल तर जातीचा दाखलाही सोबत घ्या. ॲट्रॉसिटी कायदा वेगळा लागतो आणि त्याचा तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो.

## टप्पा ४: अर्ज लिहा

ठाण्यात जाण्याआधी घरीच लिहा. ठाण्यात गर्दीत उभं राहून सांगितलं की महत्त्वाचं निम्मं सुटतं.

क्रम असा ठेवा. पहिल्याच वाक्यात कोण आणि कोणतं अपंगत्व. दुसऱ्यात कधी, कुठे. तिसऱ्यात जागा सार्वजनिक होती का आणि कोण बघत होतं. मग समोरचा काय बोलला, जसंच्या तसं. मग त्याने काय केलं. शेवटी, हे अपंगत्वावरून केलं असं का वाटतं.

शब्द लिहायला लोक लाजतात. "घाणेरड्या शिव्या दिल्या" एवढ्यावर थांबतात, विशेषतः बायका. त्यांचा संकोच मी समजू शकते, पण तिथेच अर्ज पांगळा होतो. "शिवीगाळ केली" या दोन शब्दांतून अपंगत्वाचा अपमान दिसत नाही. तोंडाने बोलवत नसेल तर लिहून द्या, पण शब्द तेच ठेवा.

नमुना:

> मी डाव्या पायाने ७० टक्के अपंग असून कुबडीशिवाय चालू शकत नाही. दि. ____ रोजी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मी कन्ना चौकात चहाच्या टपरीसमोर उभा होतो. त्या वेळी तिथे आठ-दहा लोक होते. माझ्या ओळखीचा ____ हा तिथे आला व सर्वांसमोर मोठ्याने म्हणाला, "ए लंगड्या, तुझ्यासारख्यांनी घरात पडून राहावं, रस्त्यात काय उभा राहतोस?" मी बाजूला होत असताना त्याने माझी कुबडी हिसकावून रस्त्यावर आपटली. ती मोडली व मी खाली पडलो. माझ्या उजव्या कोपराला मार लागला. मागील दोन महिन्यांत त्याने मला याच शब्दांत तीन वेळा हिणवले आहे. माझा त्याच्याशी पैशाचा अगर जागेचा कोणताही वाद नाही. माझ्या अपंगत्वामुळेच त्याने मला लक्ष्य केले असे माझे म्हणणे आहे. तरी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ कलम ९२ तसेच भारतीय न्याय संहितेतील लागू कलमांनुसार गुन्हा नोंदवावा.

"कोणताही वाद नाही" हे वाक्य मोलाचं आहे, पण खरं असेल तरच घाला. भाडेकरू-मालक वाद, भाऊबंदकी, उधारी असं काही असेल तर ते लपवू नका, कारण नंतर ते बाहेर येतंच. त्याऐवजी लिहा: "जागेचा वाद आहे, परंतु त्या दिवशी त्याने वादाविषयी काहीही न बोलता माझ्या अंधत्वावरून अपमान केला."

न्याय संहितेची कलमं स्वतः ठरवू नका. साधी दुखापत ११५, विनयभंग ७४, धमकी ३५१, नुकसान ३२४ अशी ती असतात आणि ती लावणं पोलिसांचं काम आहे. कलम ९२ मात्र तुम्हीच लिहा. रोज वापरात नसल्यामुळे ते सुटून जातं.

तपासा: अर्ज कुणा तिऱ्हाइताला वाचायला द्या आणि विचारा, "पीडित माणूस दिव्यांग नसता तर हे घडलं असतं का?" त्याला अर्जातून उत्तर मिळालं नाही तर पुन्हा लिहा.

## टप्पा ५: पोलीस ठाण्यात

सोलापूर शहर आयुक्तालयाच्या हद्दीत येतं, बाकी जिल्हा ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे. हद्दीचा गोंधळ शहराच्या कडेला फार होतो. कुंभारी शहराला चिकटून दिसतं, पण दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे आणि ग्रामीण पोलिसांकडे जातं. रेल्वे डब्यात किंवा स्टेशनात घडलं असेल तर लोहमार्ग पोलीस. तरीही "आमची हद्द नाही" हे परत पाठवायचं कारण होऊ शकत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही माहिती देता येते, पण तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. हे विसरू नका.

सोबत एकच शांत माणूस न्या. दहा जणांचा घोळका गेला की बोलणं बाजूला राहतं.

भाषेचं बघा. आपल्याकडे पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड बोलणारी घरं आहेत. विड्या वळणारी आई तेलुगूत सांगते, अंमलदार मराठीत लिहितो आणि ती न वाचता अंगठा देते. सही किंवा अंगठ्याआधी संपूर्ण मजकूर तिच्या भाषेत वाचून दाखवायला सांगा. तो तिचा हक्क आहे.

कर्णबधिर व्यक्तीसाठी खुणांची भाषा येणारा माणूस लेखी अर्ज करून मागा. कर्णबधिर शाळेतले शिक्षक मदत करू शकतात. घरातला माणूस दुभाषा म्हणून शेवटचा पर्याय समजा, आणि संशय घरातल्याच कुणावर असेल तर मुळीच नको.

लैंगिक गुन्ह्यात नियम आणखी कडक आहेत. जबाब महिला अधिकारीच घेते. पीडित स्त्री दिव्यांग असेल तर तो तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, दुभाषा किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत घ्यावा लागतो आणि त्याचं चित्रीकरण होतं. "ठाण्यात घेऊन या" असं सांगितलं तर हा नियम नम्रपणे दाखवा. कुणी म्हणालं, "तिला दिसत नाही, तिचं कोर्टात कोण ऐकणार?", तर सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा पाटण जमाल वली खटल्यातला निकाल सांगा. अंध मुलीवरच्या अत्याचाराच्या त्या प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की दिव्यांग स्त्रीची साक्ष केवळ अपंगत्वामुळे दुय्यम ठरत नाही.

पुढे जबाबासाठी बोलावणं आलं तर शारीरिक किंवा मानसिक अपंगत्व असलेल्या साक्षीदाराला राहत्या जागेशिवाय दुसरीकडे हजर व्हायला भाग पाडता येत नाही. हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये आहे. जिन्यावरून उचलून नेत बसू नका.

इशारा: "आधी एनसी करू, मग बघू" याला हो म्हणू नका. कलम ९२ ची शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे, म्हणून तो दखलपात्र गुन्हा ठरतो. मात्र तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा पोलिसांना आहे. तसं सांगितलं तर घाबरू नका. अर्जावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या आणि चौदावा दिवस लिहून ठेवा.

बाहेर पडण्याआधी तपासा: एफआयआरची प्रत मोफत मिळाली का? त्यात अपंगत्वाचा उल्लेख आहे का? बोललेले शब्द आहेत का? कलम ९२ आहे का? नसेल तर त्याच दिवशी पुरवणी जबाब देऊन घालायला सांगा.

## टप्पा ६: नोंदवून घेतलंच नाही तर

ठाण्यात आवाज चढवून उपयोग नाही. तोच अर्ज, "अमुक तारखेला अमुक ठाण्यात नोंदवून घेतला नाही" हे वाक्य जोडून, शहरात पोलीस आयुक्तांच्या नावे आणि ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांच्या नावे पोस्टाने रजिस्टर करून पाठवा. पावती जपा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) ची ही पायरी आहे. ती न चढता थेट कोर्टात गेलं तर अर्ज अडतो. त्यानंतरही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली अर्ज.

वकिलाच्या खर्चाला घाबरू नका. विधी सेवा कायद्यानुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा.

## टप्पा ७: छळ घरातच होत असेल तर तहसीलदार

हा रस्ता फार थोड्यांना माहीत आहे, आणि मला तो सगळ्यांत गरजेचा वाटतो. भाऊ जेवायला देत नाही, खोलीत कोंडून ठेवतो, पैसे काढून घेतो. अशा वेळी पीडित व्यक्ती स्वतः ठाण्यात पोहोचूच शकत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ७ नुसार कुणीही व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकते. शेजारी, अंगणवाडीताई, आशाताई, कुणीही. तालुक्याला तहसीलदार हे कार्यकारी दंडाधिकारी असतात. ते सुटका, संरक्षण, सुरक्षित जागी ठेवणं आणि निर्वाहाचा खर्च असे आदेश देऊ शकतात.

अर्जात पत्ता नेमका द्या, कोंडून ठेवण्याच्या वेळा द्या, शेवटचं जेवताना कधी पाहिलं ते द्या. "खूप हाल होत आहेत" यावरून कुणी निघत नाही. "गेल्या चार दिवसांत दारातून फक्त एकदा पाणी देताना पाहिलं" यावर गाडी निघते. जीव धोक्यात दिसत असेल तर अर्ज लिहीत बसू नका, आधी ११२.

पोलिसांकडे तक्रार गेली तरी पीडित व्यक्तीला या दंडाधिकाऱ्यांची माहिती, जवळच्या पुनर्वसन संस्थेची माहिती आणि मोफत कायदेशीर मदतीचा हक्क सांगणं हे त्याच कलमाने पोलिसांवर बंधनकारक केलं आहे.

## टप्पा ८: गुन्हा नोंदल्यानंतर

"मिटवून घ्या" म्हणणारे दोन दिवसांत घरी येतात. गल्लीतले वडीलधारे, कधी आपलेच पाहुणे. "जाऊ दे, त्याला काय कळतंय" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय. त्याला कळतं. ज्याचा अपमान झाला त्याला बाजूला बसवून त्याच्या वतीने कुणीही तडजोडीचा कागद करू नये, आणि कोऱ्या कागदावर किंवा स्टॅम्पवर त्याची सही-अंगठा घेऊ देऊ नये.

धमकी आली तर तारीख, वेळ, शब्द लिहा आणि त्याच गुन्ह्यात पुरवणी जबाब द्या. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर आली तर संदेश पुसू नका. ऑनलाइन व्हिडिओ काढून खिल्ली उडवली असेल तर त्याची लिंक, खात्याचं नाव आणि स्क्रीनशॉट घेऊन सायबर पोलिसांकडे जा. व्हिडिओ लगेच काढायला लावण्याची घाई करू नका, आधी पुरावा जपा.

तपास कुठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत कळवायचं असतं. एफआयआरच्या तारखेपासून नव्वदावा दिवस मोजून घरातल्या कॅलेंडरवर खूण करा. त्या दिवशी काही आलं नसेल तर तपास अधिकाऱ्याला एक पानी लेखी विचारणा द्या आणि तिचीही शिक्क्याची प्रत घ्या.